पाहुण्याच्या शरीराचे काय?

बेंगळुरूच्या हॉटेल-व्यवसायात मुरलेले एक सल्लागार आहेत. त्यांचा सिद्धान्त असा: पाहुणा दोन रात्री राहतो, जिमचा फोटो पाहून खोली घेतो आणि प्रत्यक्षात तिकडे फिरकतही नाही. म्हणून चार ट्रेडमिल, भिंतभर आरसा आणि डंबेलचा एक रॅक पुरे. उरलेल्या जागेत मीटिंग रूम काढा, तिचे भाडे येईल. ज्याला खरोखरच व्यायाम करायचा असेल त्याच्यासाठी कब्बन पार्क आहेच. नवी हॉटेले बांधणारे हे ऐकून माना डोलावतात, म्हणून हा लेख.

कब्बन पार्कचे आधी उरकू. 1870 साली आखलेले ते उद्यान शहराचे भाग्यच. पण दूरच्या व्हाइटफील्डला उतरलेल्या माणसाने आठच्या बैठकीआधी तिथे जाऊन यायचे? 2023 मध्ये मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत आली, तरी जाण्यायेण्यातच तास-दीड तास मोडतो. आणि रात्री अकराला विमानतळावरून पोहोचलेल्या एकट्या बाईने कुठल्या उद्यानात जावे?

भाड्याबद्दल एवढेच: खाटेचे भाडेही वेगळे येत नाही, म्हणून कोणी पाहुण्याला जमिनीवर झोपवत नाही.

माझा खरा राग त्यांच्या त्या ‘पाहुण्या’वर आहे. हा पाहुणा नेहमी पस्तिशीचा, धडधाकट, पुरुष आणि धावणारा असतो. बेंगळुरूत असा एकच माणूस उतरतो का? बोम्मसंद्रच्या नारायणा हेल्थ सिटीत हृदयाचे ऑपरेशन झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसपासच्या हॉटेलांत आणि लॉजवर राहतात. डॉक्टरांनी सावकाश चालायला सांगितलेल्या त्या रुग्णांना हवा हाताच्या आधाराचा लांब कठडा आणि पाठ टेकून चालवायची सायकल. यलहंकेला एरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन भरले की परदेशी पाहुणे येतात. त्यांचे घड्याळ अजून त्यांच्याच देशात असते, पहाटे तीनला त्यांची झोप संपलेली असते. त्यांना जिम रात्रभर उघडी हवी, आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्यांसाठी जमिनीखाली आवाज शोषणारा जाड थर हवा. लग्नासाठी मजलाच्या मजला घेतलेल्या कुटुंबात गुडघे धरलेली आजी असते. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले. धावणाऱ्या पट्ट्यावर आजीचा तोल सुधारणार नाही, तिथे ती पडेल. मुंबईहून आलेली ऑडिटर जिमची काचेची भिंत थेट लॉबीकडे उघडते हे पाहून दारातून परत फिरते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. यंत्रे खेटून लावली की तो दारातच अडतो. इतक्यांना आपणच दारातून परत पाठवायचे आणि मग ‘जिम कोणी वापरत नाही’ असा निष्कर्ष काढायचा, याला मी लबाडी म्हणतो.

जिमची गरजच काय, आसनांना चटई पुरते, असे म्हणणारा आणखी एक पंथ आहे. त्याच्याशी माझा वाद जुना आहे. डंबेल परके आणि सूर्यनमस्कार आपले, ही फाळणी बेंगळुरूच्या मातीला तरी मंजूर नव्हती. इथे के. व्ही. अय्यर आपल्या व्यायामशाळेत बारबेल आणि सूर्यनमस्कार दोन्ही शिकवत, आणि दूरच्या विद्यार्थ्यांना पत्राने व्यायाम सांगत. त्यांचे ‘मसल कल्ट’ हे पुस्तक 1930 चे.

मग करायचे काय? वाट दाखवणारा माणूस याच प्रदेशात जन्मला आणि पुण्यात रमला. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला आले. त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या आणि भिंतीतले दोर वापरून आजारी आणि वयस्क माणसांनाही आसने शक्य करून दिली. शरीराला साधनाच्या मापात कोंबायचे नाही, साधन शरीराकडे आणायचे, ही त्यांची रीत. हॉटेलने तीच उचलावी. चारपैकी दोन ट्रेडमिल काढाव्यात. उरलेल्यांच्या मागे पडणाऱ्यासाठी दोन मीटर मोकळे सोडावे. निघालेल्या जागेत चटई, भक्कम खुर्ची, भिंतीचा कठडा, दोर आणि एक किलोपासूनची वजने. लॉबीकडच्या काचेला छातीच्या उंचीपर्यंत अपारदर्शक थर. खोलीच्या किल्लीनेच उघडणारे दार. ज्यांना जिमपर्यंतही चालायचे नाही किंवा लोकांसमोर यायचे नाही, त्यांच्या खोलीत मागितल्यावर चटई आणि रबरी पट्टे.

मोठ्या हॉटेलात एवढ्याला मीटिंग रूम सोडावी लागत नाही. लहान हॉटेलात सोडावी लागली तर सोडावी. आराखडा कागदावर असतानाच ते ठरवावे, कारण दार रुंद करायला नंतर भिंत फोडावी लागते.