ज्ञानाला कुलूप नको

धान्य वाटले तर कोठारातले कमी होते. ज्ञानाचे तसे नाही. गुरुजींनी मुलांना गणित शिकवले म्हणून गुरुजींचे गणित कमी होत नाही. उलट, शिकवता शिकवता ते अधिक पक्के होते. म्हणून विद्यापीठांत लोकांच्या पैशातून जे ज्ञान निर्माण होते, ते सर्वांसाठी खुले असावे, असे मला वाटते. यासाठी आपण दोन उदाहरणे पाहू. एक बिनतारी संदेशवहनाचे आहे आणि दुसरे जैवमाहितीशास्त्राचे.

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तेथील विद्यापीठाचा मुख्य संगणक एका बेटावर होता, पण शिक्षणाची केंद्रे इतर बेटांवरही होती. टेलिफोनच्या तारांचा खर्च फार होता आणि त्यांचा भरवसाही नव्हता. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरींनी संगणक जोडायचे ठरवले. १९७१ साली त्यांचे ‘अलोहानेट’ सुरू झाले.

यात एक अडचण होती. वर्गात दोन मुले एकदम बोलू लागली, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. यंत्रांचेही तसेच होते. यावर त्यांनी साधा उपाय शोधला. संदेश पोचल्याची पावती आली नाही, तर यंत्राने थोडे थांबून तोच संदेश पुन्हा पाठवायचा. प्रत्येक यंत्राने कमीजास्त वेळ थांबायचे, म्हणजे पुन्हा टक्कर होण्याचा संभव कमी. अब्रॅमसन यांनी या युक्तीचे पेटंट घेतले नाही. ती त्यांनी लेखात छापून जगापुढे ठेवली. तो लेख वाचून रॉबर्ट मेटकाफ यांनी त्या युक्तीत सुधारणा केली आणि १९७३ साली संगणक जोडणाऱ्या ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. आजच्या मोबाइल आणि वाय-फायच्या जाळ्यांतही तिचा अंश आहे.

आता दुसरे उदाहरण. आपल्या पेशींतील डीएनए म्हणजे जणू चार अक्षरांत लिहिलेला एक ग्रंथ आहे. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. एवढा ग्रंथ माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येणार नाही. त्यासाठी संगणकाची मदत घेणारे शास्त्र ते जैवमाहितीशास्त्र. प्रयोगशाळांत या ग्रंथाचे तुकडे वाचले गेले होते, पण ते योग्य क्रमाने जोडायचे बाकी होते. एक खासगी कंपनीही याच कामात होती आणि आपली माहिती ती पैसे घेऊन देणार होती. तेव्हा अमेरिकेतील सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक विद्यार्थी, जिम केंट, यांनी रात्रंदिवस खपून सुमारे चार आठवड्यांत तुकडे जोडणारी संगणकाची आज्ञावली लिहिली. ७ जुलै २००० रोजी विद्यापीठाने हा मसुदा इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला.

या खुलेपणाचे मोल आपण २०२० साली पाहिले. त्या वर्षी जानेवारीत चीनमधील शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूच्या जनुकांची सुमारे ३० हजार अक्षरांची माहिती जाहीर केली आणि काही दिवसांतच लसीची आखणी सुरू झाली. ती माहिती कुलपात राहिली असती, तर किती जीव गमावले असते!

यावर कोणी विचारील, की शोध लावणाऱ्याने कष्ट करायचे आणि फळ इतरांनी खायचे, हा कोठला न्याय? हा प्रश्न रास्त आहे. नवे औषध तयार करण्यास आणि त्याच्या चाचण्या घेण्यास मोठा खर्च येतो. अशा औषधाचे पेटंट काही वर्षे असण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्या मूळ ज्ञानावर ते औषध उभे राहते, ते निसर्गाचे आहे. ते शोधण्याचा खर्च लोकांनी केला असेल, तर त्यावर लोकांचाही हक्क आहे. मात्र खुलेपणा म्हणजे रोग्यांची नावे आणि त्यांची खासगी माहिती चव्हाट्यावर मांडणे नव्हे. ती गुप्तच राहिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न दूर देशांचा नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र आहे. आज मालेगाव किंवा भिवंडीतील एखादी मुलगी साध्या संगणकावरूनही मानवी जनुकांची माहिती पाहू शकते. त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही, की शुल्क भरावे लागत नाही. श्रीमंताच्या मुलासाठी बंद दारेही उघडतात. गरिबाच्या मुलाला मात्र उघडे दारच उपयोगी पडते. म्हणून ते उघडे राहिले पाहिजे. उद्या तुम्ही एखादा शोध लावाल, तेव्हा आपल्यामागून येणाऱ्यांसाठी हे दार उघडे ठेवण्याची जबाबदारी तुमची असेल.