जन्माचा कागद



चीनचं नाव काढलं की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एकाला तो लाल सूर्य, दुसऱ्याला नुसती हुकूमशाही. १९७४ साली पँथर फुटली तीच मुळी मार्क्स की आंबेडकर ह्या भांडणात. त्याच्या काचा अजून आपल्या पायात रुततात. पण चीन वाचलाय कुणी? मी एक पुस्तक वाचलं, त्यातलं तुमच्यापुढे टाकतो.

डोरोथी सोलिंजर ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ. शहरात पोट भरायला आलेल्या चिनी खेडुतांवरचं त्यांचं पुस्तक १९९९ साली निघालं. विषय हुकौ. जानेवारी १९५८ मध्ये कायदा झाला आणि माणसामाणसावर शिक्का बसला. शेतकी, नाहीतर बिगरशेतकी. शहरी शिक्का असला तर रेशन, घर, शाळा, दवाखाना. शेतकी असला तर गावचा चिखल. आणि हा शिक्का पोराला मिळायचा आईकडून, थेट १९९८ पर्यंत! शेतकऱ्यांच्या खांद्यावर बसून क्रांती आली, आणि शेतकऱ्याच्याच पोराला जन्मताच गावाच्या खुंट्याला बांधलं.

पुढं बाजार मोकळा झाला. कारखान्यांना, बांधकामांना हात हवे झाले. खेडूत शहरात आले. बाजार आला की हक्कही मागोमाग येतील, असं पुष्कळ पंडितांना वाटत होतं. सोलिंजरबाईंनी दाखवलं की तसं होत नाही. बाजाराला मजुराचा घाम हवा होता, त्याचं नागरिकत्व नको होतं. इमारती बांधणारा आपल्याच देशात परदेशी ठरला. शहरी माणूसही त्याच्याकडे भाकरीतला वाटेकरी म्हणूनच बघत होता.

२००३ साली ग्वांगझौमध्ये सुन झिगांग ह्या २७ वर्षांच्या पोराला कागद नाही म्हणून पोलिसांनी उचललं. कोठडीत मार खाऊन तो मेला. देशभर बोंब झाली, तेव्हा कुठं धरपकड करून गावी हाकलायचा तो नियम रद्द झाला. २०१४ मध्ये सरकारनं शेतकी-बिगरशेतकी भेद काढायचं जाहीर केलं. तरी आज सुमारे ३० कोटी मजूर गाव सोडून किंवा शेती सोडून राबतायत, आणि मोठ्या शहरातली पोरांची शाळा अजून हुकौवरच अडते.

आता घाईनं टाळ्या पिटू नका. हुकौ म्हणजे जात नव्हे. त्यात विटाळ नाही, धर्मग्रंथ नाही. कॉलेजात जागा मिळाली तर तो शिक्का बदलायचा. आपला शिक्का डिग्रीनं पुसला जात नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण धडा घ्या. जमीनदार गेला, कष्टकऱ्याच्या नावानं राज्य आलं, तरी जन्मावरून माणूस मोजायचं यंत्र पुन्हा उभं राहिलं. आधी वर्ग संपवू, जात आपोआप जाईल, असं म्हणणाऱ्याला हे दाखवा. बाजार येऊ द्या, जात आपोआप वितळेल, असं म्हणणाऱ्यालाही दाखवा. दोघेही आपोआपवाले. जातीशी टक्कर घेतल्यावाचून आर्थिक क्रांतीचा रस्ता खुला होत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं.

आणि चीनला हसायचं असेल तर २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून पायी निघालेली माणसं आठवा. त्यांच्याकडं तर देशाच्या नागरिकत्वाचे सगळे कागद होते.

आपोआप काही जात नाही. घालवावं लागतं.

जय भीम!