गाण्यातून समाजाची ओळख

परीक्षा संपली, की सनावळ्या विसरायला होतात. गाणे मात्र वर्षानुवर्षे ओठांवर राहते. म्हणून माध्यमिक शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकवताना गाण्यांचा उपयोग करावा, असे मला वाटते. मात्र हा उपयोग केवळ पाठांतरापुरता नसावा. गाण्यामुळे मुलांना प्रश्न पडले पाहिजेत.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज यांच्यावर अनेक पोवाडे रचले गेले. १६५९ साली घडलेल्या प्रतापगडच्या प्रसंगावर शाहीर अज्ञानदास यांनी पोवाडा रचला. त्यात पराक्रमाचे वर्णन आहे. पुढे १८६९ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पोवाडा लिहिला. त्यांनी शेतकऱ्यांचा राजा रंगवला. राजा एकच, मग पोवाडे वेगळे का? दोघांचा काळ वेगळा होता आणि हेतूही वेगळा होता. वर्गात असा प्रश्न निघाला, की खरा इतिहास सुरू होतो.

गाणी फक्त राजांचीच नसतात. पूर्वी बायका पहाटे जात्यावर दळताना ओव्या गात. माहेर, सासर, पाऊसपाणी, कष्ट हे सारे त्यांत येई. दख्खनी भाषेत अशा गाण्यांना 'चक्कीनामा' म्हणत. भाषा दोन, पण जाते एकच! पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. ही गाणी आठवणाऱ्या दादी-नानी आता थोड्याच उरल्या आहेत. मुलांनी त्यांच्याजवळ बसून गाणी उतरवून घ्यावीत. बायकांचे जगणे पाठ्यपुस्तकात फार थोडे येते. ते या वहीत सापडेल.

कोणी म्हणेल, "गाणे एकाच बाजूने बोलते." हे अगदी खरे आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या बुलंद आवाजाने सभा भारून जात. पण त्याच काळात विदर्भात स्वतंत्र राज्याचीही मागणी होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली तशी शिफारसही केली होती. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मग तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. हा सारा प्रवास गाण्यातून कळत नाही. त्यासाठी नकाशा व पुस्तक उघडावेच लागते.

म्हणून प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी रचले? कोणासाठी रचले? यात कोणाची बाजू राहून गेली? गाणे आवडणे सोपे आहे. आवडत्या गाण्यालाही प्रश्न विचारता येणे, हेच खरे शिक्षण होय.