अंगणातील तरवड

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर रोड आहे. काही दशकांपूर्वी या रस्त्याच्या दुतर्फा नाचणीची शेते व तळी होती. आता तेथे बंगल्यांच्या बंदिस्त वसाहती आहेत. बहुतेक बंगल्यांपुढे एकसारखी कापलेली हिरवळ असते आणि तिलाच नीटनेटकेपणा मानले जाते. या समजुतीचा फेरविचार व्हायला हवा.

हिरवळीची ही कल्पना इंग्लंडसारख्या, बारमाही पावसाच्या देशातून आली. बंगळुरात वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु डिसेंबर ते मार्च हा काळ जवळजवळ कोरडा जातो. तेव्हा हिरवळ जगवायला सतत पाणी लागते. शहराला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये अनेक कूपनलिका आटल्या, तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. लोक टँकरची वाट पाहत असताना गवत भिजवणे कोणत्या न्यायात बसते?

दख्खनच्या कोरड्या माळावर तरवड आपोआप वाढतो. सोलापूर-अहिल्यानगरच्या वाचकांना त्याची पिवळीधमक फुले परिचित आहेत. कानडीत त्याला ‘आवरिके’ म्हणतात. तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला असून, बतुकम्मा सणात ही फुले रचली जातात. याच्या सालीने कातडी कमावली जात असे. फुलांवर मधमाश्या व भुंगे येतात. टणक बी भिजवून पावसाच्या आरंभी पेरावे. पहिल्या वर्षी थोडे पाणी द्यावे. मुळे खोल गेली की झुडूप पावसावर तग धरते.

रानटी झुडपामुळे अंगण अस्ताव्यस्त दिसेल, डास वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते. फुलोरा ओसरल्यावर छाटणी केली आणि वाफ्याला दगडी कड घातली, तर तरवडही बांधेसूद दिसतो. मुलांना खेळण्यापुरता हिरवळीचा तुकडा खुशाल राहू द्यावा. पण जिच्यावर कोणी पाऊलही ठेवत नाही, ती हिरवळ कशासाठी?

नीटनेटकेपणा म्हणजे केवळ समान उंची नव्हे. आपल्या वाट्याच्या पाण्यात भागवणे हाही नीटनेटकेपणाच आहे. वसाहतींच्या नियमांत त्याला जागा मिळाली पाहिजे.