छायाचित्रात खड्डा दिसतो, नाव दिसत नाही



दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या शोधावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे खुली झाली की उरलेल्या कबरी आपोआप सापडतील, हा त्यातला भरवसा मात्र मला पटला नाही.

हॉलंड-फ्रान्सच्या सपाट शेतांत हे बरेचसे जमते. विमान पडण्याआधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवले की नवा खड्डा उठून दिसतो. युद्धकाळच्या नकाशावरचे चौकटीचे आकडे आजच्या अक्षांश-रेखांशांत बदलले की जागाही ठरते. पण विमान कोणते आणि आत कोण, हे कसे कळणार? ब्रिटिश हवाई दलाची शोधपथके युद्धानंतर त्यासाठी गावोगाव फिरली. जर्मन कागद, दफनाच्या नोंदी आणि गावकऱ्यांच्या जबान्या त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या. एवढे करूनही रनीमीडच्या स्मारकावर कबर ठाऊक नसलेल्या 20 हजारांहून अधिक जणांची नावे आहेत.

आपल्या मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर तर त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धातले. जून 1918 मध्ये फ्रान्सवर त्यांचे विमान पडले आणि जर्मनांच्या कैदेत त्यांना मरण आले. जर्मनांनी थडग्यावर नाव चुकीचे लिहिले, त्यामुळे ओळख पटायला युद्धानंतर काही काळ गेला. आज ते हँगार्डच्या दफनभूमीत आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला कागदच चाळावे लागले, आकाशातून काही दिसणार नव्हते.

अरुणाचलात तर छायाचित्र फारच तोकडे पडते. याच भागावरून जाणाऱ्या आसाम ते चीनमधले कुनमिंग या हवाई मार्गावर 1942 ते 1945 मध्ये शेकडो विमाने पडली. वर ढग, खाली दाट जंगल. शेवटचा बिनतारी संदेश केव्हा आला एवढेच पुष्कळदा ठाऊक. 25 जानेवारी 1944 रोजी ‘हॉट ॲज हेल’ हे अमेरिकन बी-24 बॉम्बर विमान बेपत्ता झाले. त्याचे अवशेष 2006 मध्ये दामरोहजवळ एका अमेरिकन गिर्यारोहकाला सापडले, तेही स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने. पुढे परवानग्यांच्या घोळात वर्षे गेली आणि मानवी अवशेष अमेरिकेकडे सोपवले गेले 2016 मध्ये. (दिल्लीतल्या फायली जंगलापेक्षा दाट, असे म्हणायला हरकत नाही.)

भारतात बेपत्ता असलेले अमेरिकन अजून सुमारे 400 आहेत. सरकारने नकाशे जरूर खुले करावेत. पण त्याआधी अरुणाचलातल्या आदी आणि मिश्मी जमातींच्या गावांतल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांना कोणत्या डोंगरावर धातू दिसला, हे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. हे काम या हिवाळ्यातही सुरू करता येईल.

एक वाचक, पुणे