यंत्र चालते, पण मुदत संपली

नांगराचा फाळ झिजला की शेतकरी तो बदलतो. विहिरीवरची मोटार जळाली की भरून आणतो. मोडलेली वस्तू दुरुस्त करावी किंवा बदलावी, हा व्यवहार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु एखादे यंत्र धडधाकट चालत असताना, केवळ निर्मात्याने ठरविलेली तारीख उलटली म्हणून ते वापरणे धोक्याचे ठरावे, हा प्रकार आपल्या कार्यालयांच्या हिशेबी बुद्धीला अजून उमगलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकीय कार्यप्रणालीची नियमित मोफत देखभाल थांबविली. दुसऱ्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, पडद्यावर नेहमीचीच चित्रे उमटली, आणि म्हणूनच काही घडले आहे याची जाणीव पुष्कळांना झाली नाही.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर यांना जोडणारी मूळ व्यवस्था. तिच्यात उणिवा राहतात. त्या चोरांना सापडतात. निर्माता वेळोवेळी ठिगळे लावून ती छिद्रे बुजवितो. ज्याला आपण सरसकट ‘अपडेट’ म्हणतो त्याचा मोठा भाग म्हणजे ही ठिगळे. ती येणे थांबले की यंत्र चालत राहते, परंतु नव्याने सापडणारे प्रत्येक छिद्र उघडेच राहते. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि आता विंडोज १० ची. बारा वर्षांच्या आत तिसऱ्यांदा हा प्रसंग आला आहे. याला अपघात म्हणता येणार नाही. हे एक वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रकाची तयारी करता येते.

तालुक्याची अडचण

पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र माणसे असतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील चित्र वेगळे आहे. घोडेगाव, मंचर, नारायणगाव किंवा ओतूर येथील शाळा, पतसंस्था, विकास सोसायटी वा ग्रामपंचायत यांच्याकडे संगणक आहे, परंतु ‘संगणक सांभाळणे’ हे कोणाच्याही कामाच्या यादीत नाही. शाळेत ज्या शिक्षकाला त्यातले थोडेफार कळते, त्याच्या गळ्यात ते काम पडते. शालार्थ प्रणालीतील पगारबिल अडले की त्याला वर्गातून बोलावले जाते; माहिती भरण्याची शेवटची तारीख आली की तो रात्री जागतो. या श्रमाचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि अर्थशास्त्राचा अनुभव असा की ज्याचे मोल मांडले जात नाही त्याची उधळपट्टी होते.

विंडोज १० वरून ११ वर जाणे मोफत आहे, मग अडचण कोठे, असे विचारले जाईल. अडचण यंत्राच्या वयात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची विशिष्ट सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. साधारणपणे २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे या चाळणीतून पडतात, मग ती कितीही सुस्थितीत असोत. त्यातून अपडेटचा आकार मोठा, डोंगराकडच्या गावांत जाळे क्षीण, आणि विजेचा भरवसा नाही. अर्धवट उतरलेले अपडेट आणि मध्येच गेलेली वीज यांची गाठ पडली की दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होत नाही. आणि ‘अपडेट म्हणजे संकट’ अशी समजूत पक्की होते. काही ठिकाणी विनापरवाना प्रती घालून काम भागविले जाते, तेथे तर अपडेट जाणूनबुजून बंदच ठेवलेले असते.

घसारा कोठे गेला?

प्रश्नाचे मूळ मात्र तंत्रज्ञानात नसून हिशेबात आहे. आपल्याकडे संगणक येतो तो भांडवली खर्चातून, एखाद्या योजनेतून किंवा देणगीतून. त्याचे उद्‌घाटन होते, छायाचित्र निघते, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होते आणि तेथेच त्याचा हिशेब संपतो. रजिस्टराचे नावच बोलके आहे. वस्तू एकदा नोंदली की ती निर्लेखनापर्यंत जशीच्या तशी पडून राहील, हे कपाटाच्या बाबतीत खरे आहे. संगणकाच्या बाबतीत नाही. पतसंस्था ताळेबंदात घसारा दाखवितात, हे मान्य; परंतु तो कागदावरचा आकडा असतो. त्या रकमेइतका निधी बाजूला पडतो का, हा खरा प्रश्न आहे. शाळांची अवस्था याहून बिकट. सादिल अनुदानात खडू, वीजबिल आणि झाडू यांचीच ओढाताण असते. तेथे पाच वर्षांनी यंत्र बदलण्याची तरतूद कोठून येणार?

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावच्या सोसायटीचे दप्तर एका समान प्रणालीवर यावे हा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु त्या योजनेतील यंत्रेही एके दिवशी जुनी होतील. तो दिवस येईल तेव्हा पैसा कोणाच्या गाठीचा, हे आजच ठरले नाही तर पहिल्या खरेदीचा लाभ पुढच्या दशकात वाया जाईल.

दुर्लक्ष आणि उतावीळ

काही जण म्हणतील, एवढ्याशा गावातल्या संगणकाकडे कोण पाहतो? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. ज्या छिद्रातून ते शिरले त्याचे ठिगळ मार्च महिन्यातच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले. असे सॉफ्टवेअर पत्ता विचारून येत नाही. उघडे दार दिसेल तेथे शिरते. साथीच्या रोगाप्रमाणेच येथेही एकाचा निष्काळजीपणा शेजाऱ्याला भोवतो, आणि म्हणून हा प्रश्न केवळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. तो हल्ला एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवरचा होता; जुन्या विंडोजशी त्याची सांगड घालण्याचे कारण नाही. परंतु सहकारी संस्था चोरांच्या नजरेआड आहे, हा भ्रम त्याने दूर करावयास हवा होता.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अपडेट आले की डोळे मिटून घालावे, हेही शहाणपणाचे नाही. जून २०१७ मधील नॉटपेट्या हा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला आणि त्याचा फटका आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प झाली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तात्पर्य हे की, अपडेट टाळणे आणि ते आंधळेपणाने घेणे, या दोहोंच्या मध्ये ‘नियोजन’ नावाची वाट आहे.

कारखाना आणि दुर्बिणी

ती वाट शिकण्यासाठी या दोन तालुक्यांना दूर जाण्याची गरज नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर हे येथील सहकारी साखर कारखाने पाहावेत. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात यंत्रांची उघडझाप व दुरुस्ती सुरू होते. ऐन हंगामात रोलर तुटेपर्यंत कोणी वाट पाहत नाही, आणि ऊस गव्हाणीत पडत असताना कोणी चाचणीही घेत नाही. देखभालीला ऋतू असतो, खर्चाचे शीर्षक असते आणि जबाबदार माणूस असतो. ऊस गाळणाऱ्या यंत्राला जे तत्त्व लागू, ते ठेवीदारांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला का लागू नसावे?

दुसरा धडा खोडदचा. तेथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नव्वदीच्या दशकात उभ्या राहिल्या. गेल्या दशकात त्यांचे मोठे आधुनिकीकरण झाले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ पट्ट्याचे निरीक्षण होत असे, ते ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेले. तबकड्या त्याच राहिल्या. बदलले ते संवेदक, इलेक्ट्रॉनिकी आणि सॉफ्टवेअर. जे टिकते ते टिकवावे, जे जुने होते ते टप्प्याटप्प्याने बदलावे आणि हे करणारी माणसे आपल्याच घरात तयार करावीत, हे तत्त्व नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर सिद्ध झालेले आहे.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक संस्थेने आपल्या यंत्रांची एक साधी वही करावी: यंत्र कोणत्या सालचे, कार्यप्रणाली कोणती, तिची मुदत केव्हापर्यंत, आणि त्यावर कोणते काम चालते. लेखापरीक्षकाने डेडस्टॉकबरोबर ही वहीही मागावी. दुसरी गोष्ट, यंत्रांची वाटणी कामाच्या जोखमीप्रमाणे व्हावी. ठेवी, पगार आणि डिजिटल स्वाक्षरी यांची कामे नव्या, सुरक्षित यंत्रावर. टंकलेखन व विद्यार्थ्यांचा सराव जुन्या यंत्रावर, तेही शक्यतो जाळ्यापासून वेगळ्या.

तिसरी गोष्ट दराची. मायक्रोसॉफ्टने संस्थांसाठी वाढीव सुरक्षेची तीन वर्षांची सशुल्क सोय ठेवली आहे. तिचा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे तीन वर्षांत ४२७ डॉलर. रुपयांत ही रक्कम पस्तीस हजारांवर जाते, एका साध्या नव्या संगणकाच्या आसपास. पतसंस्थेने हा सौदा तीन वर्षे करणे तोट्याचे; एखाद्या वर्षाची सवड विकत घेण्यापुरताच तो ठीक. मात्र पात्र शिक्षणसंस्थांना हाच दर अनुक्रमे १, २ व ४ डॉलर, म्हणजे तिन्ही वर्षे मिळून अवघे ७ डॉलर आहे. शाळा-महाविद्यालयांनी चौकशी न करताच यंत्रे भंगारात काढू नयेत.

चौथी गोष्ट, मुक्त सॉफ्टवेअरचा विचार. लिनक्सच्या अनेक प्रती मोफत आहेत आणि जुन्या यंत्रावर चांगल्या चालतात. केरळच्या सरकारी शाळांनी अनेक वर्षे त्यावर शिक्षण चालविले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची प्रत तयार केली आहे. परंतु मोफत म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने अनेक वर्षांच्या प्रयोगानंतर २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. ज्या शासकीय संकेतस्थळांचे व स्वाक्षरीच्या उपकरणांचे काम लिनक्सवर नीट चालते की नाही हे आधी तपासले नाही, तेथे घाई करू नये. संगणक प्रयोगशाळेपासून सुरुवात करावी, हिशेबाच्या टेबलापासून नव्हे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडणार नाही. परंतु पंचवीस-तीस संस्थांनी मिळून एक चांगला तंत्रज्ञ नेमणे सहज शक्य आहे. दूध संकलनासाठी आणि उसासाठी जो तालुका एकत्र येतो, त्याला हे अशक्य वाटू नये. या माणसाने अपडेट आधी एका यंत्रावर घालून पाहावे, आठवडाभराने इतरांवर. मार्चअखेर आणि जून-जुलैचे प्रवेश हे दिवस टाळावेत. आणि दर आठवड्याला दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती यंत्रापासून अलग ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर न थांबता ती उघडते की नाही, हेही पाहावे.

दप्तराचे आयुष्य

शेवटी प्रश्न दप्तराचा आहे. युनिकोडपूर्व काळातील निरनिराळ्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या फायली आज नव्या यंत्रावर उघडल्या तर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ठराव, निकाल आणि पत्रव्यवहार डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाहीत. याच जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात नागनिकेने यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे दगडावर कोरलेले आहेत, आणि दोन हजार वर्षांनंतरही अभ्यासक ते वाचतात. आपले दप्तर आपण दगडावर कोरणार नाही, कोरण्याची गरजही नाही. परंतु जुन्या फायली युनिकोडमध्ये उतरवून घेणे, हे यंत्र बदलण्याच्या कामाचाच भाग समजले पाहिजे.

विकास सोसायटीतील कर्जखाते, पतसंस्थेतील विधवेची ठेव, शाळेतील विद्यार्थ्याचा जन्मदिनांक, १५ रुपयांत मिळणारा डिजिटल सातबारा: सामान्य माणसाची पत आणि हक्क आता या यंत्रांच्या पोटात आहेत. यंत्र बंद पडले तर संचालकाचे काम दोन दिवस अडेल; नोंद हरवली तर ज्याच्याकडे दुसरा पुरावा नाही त्या गरिबाचे आयुष्य अडेल. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक संस्थेने ‘संगणक देखभाल व बदल निधी’ या नावाची एक ओळ घालावी आणि तिच्यासमोर शून्य लिहू नये. तेवढ्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले तरी पुरेसे आहे.