आधी कॉर्ड, मग स्केल

ब्लूज गिटार शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात पाच सुरांचं स्केल दिलं जातं. साथीला बँड असेल तर त्यावर निभावतं. एकट्याने वाजवायचं तर ते उघडं पडतं. म्हणून शिकवणीची सुरुवात कॉर्डच्या आकारांपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात ध्वनिमुद्रित केलेली २९ गाणी ऐका. एकच गिटार, पण खर्जाच्या तारा ताल धरतात आणि वरच्या तारा गळ्याला उत्तर देतात. बारा बारच्या आवर्तनात पाचव्या बारला ई-सेव्हनवरून ए-सेव्हनवर जाताना काय घडतं, तेही पाहा. डी-सेव्हनचा आकार दोन पडदे वर सरकवला की ई-सेव्हन मिळतो; त्यात सर्वांत बारीक तारेवर बोट चौथ्या पडद्यावर असतं. ए-सेव्हनसाठी ते तिसऱ्यावर उतरतं. एका पडद्याची ही घसरण ऐकताच कॉर्ड बदलल्याचं कळतं. नुसत्या स्केलमध्ये बोटं फिरवणाऱ्याच्या हातून नेमकी हीच जागा निसटते.

आकारांमुळे वादन साचेबंद होतं, असा आक्षेप घेतला जातो, आणि दाखला म्हणून जॉन ली हुकरचं नाव पुढे येतं. १९४८चं त्याचं ‘बूगी चिलन’ जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं, हे खरं. पण त्यातली गिटार त्या कॉर्डला घट्ट धरूनच बोलते, पायाचा ठेका तिला सोडत नाही. साचा होतो तो एकच आकार एकाच जागी घोटल्याने. तोच ई-सेव्हन गिटारच्या मानेवर तीन ठिकाणी सापडला, की प्रत्येक ठिकाणी बोटांखाली वेगळे सूर येतात.